सातवा वस्तरा

ऑनसाइटवर ड्युसेलडॉर्फला आलेला मराठी माणूस वीकएण्डला काय करतो? पहिल्या शनिवारी कोलोनचं कॅथेड्रल, दुसऱ्या शनिवारी ॲमस्टरडॅम, तिसऱ्याला पॅरिसचं ग्रुप बुकिंग. चौथ्या शनिवारी पोहे करतो आणि घरी फोन लावून बसतो. माझे पोहे मात्र हुकले. शेजारच्या डेस्कवरच्या सहकारी मुलीनं विचारलं, "सोलिंगेनला येतोस? मी वस्तरा बनवतेय."

ही मुलगी अकाउंट्सची. दिवसभर एक्सेल. तिच्या बोटांच्या पेरांत कायम काळी रेष असायची, मला वाटायचं प्रिंटरची शाई. ती पोलादाची होती.

सोलिंगेन ड्युसेलडॉर्फपासून लोकलनं अर्ध्या तासावर. एस-वन पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. बाहेर ट्रॉलीबस उभी असते, छतावरचे दोन दांडे वरच्या तारांना लावून धावणारी विजेची बस. मुंबईतही बेस्टनं ती १९६२ ते १९७१ चालवली. इथं १९५२ पासून आजतागायत सुरू आहे. शहराचा मधला भाग, खरं सांगायचं तर, अगदीच सामान्य. नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत जुनं गाव बेचिराख झालं. जुनं बघायचं तर ग्रेफ्राटला जा: काळ्या पाटीच्या भिंती, पांढऱ्या खिडक्या, हिरवी झडपं, आणि जुन्या मठात थाटलेलं पात्यांचं म्युझियम. तिथून बाहेर पडल्यावर गरम चेरी आणि क्रीम घातलेलं वॉफल खा. डाएट सोमवारपासून.

'सोलिंगेन' हे नाव तुम्ही बहुधा वाचलेलं असणार, कात्रीवर नाहीतर नेलकटरवर. ते कंपनीचं नाव नव्हे, गावाचं. १९३८ साली कायदा झाला, की या गावच्या हद्दीत घडलेल्या पात्यांवरच हे नाव घालायचं. म्हणजे आपल्या पैठणीसारखंच, फक्त धारदार.

सगळी कहाणी वुपर नदीपासून सुरू होते. नदीकाठी पाणचक्क्या, पाणचक्क्यांवर फिरणारे दगड आणि दगडांपुढे बसलेले धारवाले. अशा झोपडीवजा कारखान्याला म्हणतात 'कोटेन'. दोन-तीन अजून बघायला मिळतात. आधी तलवारी, मग सुऱ्या, कात्र्या, वस्तरे. (मराठ्यांची 'फिरंग' आठवते? तिची पाती युरोपातून यायची, त्यात जर्मन पातीही असत.) पातं घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. हा माल एका दारातून दुसऱ्या दारात कोण पोचवायचं? बायका, डोक्यावर टोपली घेऊन. चढउतारांचं गाव आणि टोपलीत लोखंड! त्यांचा पुतळा आहे गावात. लॅपटॉपची बॅग जड वाटणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि धारवाल्यांची नदी सुटली. मोटार घरामागच्या अंगणात बसली, आणि धारवाला स्वतःच्या शेडमध्ये स्वतःच्या मशीनवर कारखानदाराचं काम करू लागला. आपण ज्याला वर्क फ्रॉम होम म्हणतो ते या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच केलं. अर्थात त्यांच्या नशिबी दगडाची धूळही होती. ती फुप्फुसांत बसायची आणि कित्येक जण तरुणपणीच जायचे. मग १९०४ मध्ये जिलेटला अमेरिकेत सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि घरोघरचा वस्तरा हळूहळू कपाटात गेला. आपल्या सलूनमध्ये वस्तरा अजून दिसतो, पण त्यात अर्धं ब्लेड खोचलेलं असतं. धोकटीतला निसणा आणि चामड्याचा पट्टा गेला तो गेलाच.

आम्ही पोचलो ते अशाच एका अंगणातल्या शेडमध्ये. आजोबा ऐंशीच्या घरात. हात मोठे, बोलणं कमी. मुलगा इन्शुरन्समध्ये. घर विकायचं ठरलंय, वसंत ऋतूत ताबा द्यायचा. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या हातात मोजके शनिवार. मी विचारलं, मशीनचं काय करणार? "मशीन काय, मिळतं," आजोबा म्हणाले.

तिचा हा सातवा वस्तरा. आधीचे सहा दारापाशी एका डब्यात पडले होते. तीन निळे पडलेले, दोन चिरलेले, एक वाकडा.

वस्तऱ्याचं कच्चं पातं घडवूनच येतं, लालभडक पोलादावर साच्याचा घाव बसून. मग कानशीनं शेपूट घासायची, मुठीच्या खिळ्यासाठी भोक पाडायचं. हे आधीच उरकायचं, कारण एकदा पाणी दिलं की ते पोलाद ड्रिलला दाद देत नाही. मग आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं. (बुडवायचं तेलात, तरी आपल्याकडे म्हणतात पाणी देणं!) आता पातं कडक, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून पुन्हा दोनशे अंशांवर हलकं भाजायचं. गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग आला की बास. हे तिनं घरी, केकच्या ओव्हनमध्ये केलं होतं.

खरी परीक्षा पुढे. शेजारी शेजारी फिरणारी दोन लहान चाकं, पातं त्यांच्यामधून ओढत न्यायचं. दोन्ही बाजू वाटीसारख्या खोल होत जातात, पाठ जाड राहते आणि धारेकडे पातं कागदाइतकं पातळ. पातळ झालं की क्षणात तापतं. जरा रेंगाळलात की निळा डाग, आणि निळा डाग म्हणजे तिथला कडकपणा गेला. पुन्हा पाणी द्यावं तर इतकं पातळ पातं वाकतं. कंट्रोल-झेड नाही.

तिनं चष्मा आणि मास्क लावला, मशीन सुरू केलं. गंमत म्हणजे आजोबा बघतच नव्हते. तिच्याकडे पाठ करून, खिडकीशी उभे राहून कॉफी पीत होते. मध्येच म्हणायचे, "उचल." ती उचलायची, पातं पाण्यात बुडवायची. पुन्हा चाकावर. पुन्हा "उचल." पातं पातळ होईल तसा आवाज चढतो म्हणे, आणि ते नुसत्या कानांनी मोजत होते. मी जीव तोडून ऐकलं. मला एकच घरघर ऐकू येत होती, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखी.

"तुला कळतो फरक?" ब्रेकमध्ये मी तिला विचारलं.

"पाचव्या वस्तऱ्यापर्यंत नाही कळला."

दुपार कलली. शेडमधला दिवा लावला. कॉफी संपली होती तरी आजोबा कप हातात धरून खिडकीशीच उभे. तिचा हात पुढे जायचा, मागे यायचा, पातं पाण्यात, पुन्हा पुढे. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की गेल्या अर्ध्या तासात ते "उचल" म्हणालेच नाहीत. ती आपली आपण उचलत होती.

मशीन थांबलं. आजोबांनी पातं दिव्यापाशी नेलं. टोकापासून शेपटीपर्यंत धार अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबत गेले. नखावर धार किंचित वाकत होती, ते मलाही दिसलं. मग नखानं तिला अलगद छेडलं. टिंग. बारीक, लांबलेला आवाज. हा मात्र मलाही ऐकू आला.

"टोकाकडे जाड राहिलंय," ते म्हणाले. पण पातं डब्यात टाकलं नाही. तिच्या हातात दिलं आणि कप धुवायला घरात गेले.

मी लगेच विचारलं, विकशील का? तिनं पात्याला तेलाचं बोट लावलं, कागदात गुंडाळलं आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

"अजून मूठ बसायचीय," ती म्हणाली.