वरून बरे, आतून?

सौ.चे किरणोपचार नागपूरला झाले. पाच आठवडे, 25 बैठका. आमच्याकडे लोक याला 'शेक' म्हणतात. शेक संपेपर्यंत डावी छाती काळपट पडली, काखेजवळ सालपटे निघाली. दोन महिन्यांत रंग उजळला आणि मी गोंदियात सगळ्यांना सांगून टाकले, बरी झाली! ही मात्र वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची. "अहो, आतून ओढते हो."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्वचेची सोनोग्राफी सांगितली. केंद्राच्या दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. अडुसष्टाव्या वर्षी ती पाटी वाचून ही हसली, तेव्हा मलाही जरा धीर आला.

पोटाच्या सोनोग्राफीला साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात. त्वचेसाठी 15-20 किंवा त्याहून वरचा. तो खोल जात नाही, पण मिलिमीटरचे अंश दाखवतो. यात किरणे नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा करता येते. उजवीकडची त्वचा दीड मिलिमीटर, डावीकडची साडेतीन! आत सूज होती. सहा महिन्यांनी आकडा अडीचवर आला.

1901 मध्ये पिअर क्यूरींनी दहा तास रेडियम हातावर ठेवून मुद्दाम जखम करून घेतली आणि तिच्या नोंदी ठेवल्या. त्यांना फक्त वरचे दिसत होते. मला तर आतले सांगणारे माणूस घरातच होते. ती सांगत होती, मी रंग बघत होतो.

आता डबे मी खालच्या फळीवर ठेवले आहेत.