बाहुल्यांच्या तोंडी शेक्सपिअर



मुलांना शेक्सपिअर झेपेल का? १९९२ आणि १९९४ मध्ये बीबीसी व वेल्सच्या एस-फोर-सी वाहिनीसाठी त्याची १२ नाटके अर्ध्या-अर्ध्या तासात बसवली गेली. मॉस्कोच्या कलावंतांनी ‘टेम्पेस्ट’ आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’ तर चक्क बाहुल्यांकडून करवून घेतली. लिऑन गारफिल्ड यांनी भरपूर काटछाट केली, पण संवाद शेक्सपिअरचेच ठेवले. प्रयोगशाळेत आम्ही पाणी उडवून अर्क राखतो, तसेच हे! आमच्या मुलांना कित्येक शब्द कळले नाहीत, तरी ती जागची हलली नाहीत.

मुलांच्या मराठी नाटुकल्यात निम्मे संवाद इंग्रजीत घालावेत, अशी सूचना मंडळात येते. आम्हाला वाटते, गोष्ट आखूड करावी, भाषा नको. शब्द अडला तर बाहुली हातवारे करील. यंदा गणपतीत मोज्यांच्या बाहुल्यांचा खेळ करू या. जुने मोजे, बटणे आणि शिवणारे हात हवेत!