दहावीनंतरचे काका

१९८४ साली आमची दहावी झाली तेव्हा सदाशिव पेठेतल्या मुलापुढे मोजून चार रस्ते होते, आणि त्यातला कुठला धरायचा हे ठरवायला वाड्यातली निदान आठ माणसं होती. मुलगा स्वतः त्या आठांत क्वचितच असायचा.

ठरवायला फार वेळ लागत नसे. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलात तर सायन्स. मग फर्ग्युसन की एस. पी. एवढाच प्रश्न, आणि तोही बहुधा वडील कुठे शिकले यावर सुटायचा. साठ-सत्तरच्या घरात असलात तर कॉमर्स, बीएमसीसी किंवा गरवारे. घरात लवकर पगार यायला हवा असेल तर डिप्लोमा, म्हणजे शासकीय तंत्रनिकेतन किंवा कुसरो वाडिया. त्याखाली औंधचं आयटीआय. टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे शब्द वाड्यात जरा हळू आवाजात उच्चारले जायचे. पण तिथून सुटलेला मुलगा चिंचवडला एसकेएफमध्ये किंवा दापोडीला सँडविकमध्ये लागला की आवाज चढायचा. आर्ट्सचं नाव मुलींसाठी राखीव होतं. एखाद्या मुलानं ते घेतलं तर आई शेजारणींना सांगायची की तो पुढे आयएएसला बसणार आहे.

आता ते आठ जण. एक काका टेल्कोत, एक बँक ऑफ महाराष्ट्रात, एक खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. समोरच्या खोलीत निवृत्त मास्तर, ज्यांच्या हाताखालून अर्धी पेठ गेलेली. टेल्कोतले काका अ‍ॅप्रेंटिसची भरती निघाली की पिंपरीहून अर्ज घेऊन यायचे आणि सगळ्या पोरांना एका रांगेत बसवून भरून घ्यायचे. बँकेतले काका टायपिंगची चाळीसची परीक्षा देऊन ठेव म्हणायचे, कारण क्लार्कची नोकरी मिळाली की जन्माचं कल्याण. दहावी झाल्याबरोबर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घालायचं, ते कार्ड वेळच्या वेळी नूतनीकरण करून घ्यायचं आणि ट्रंकेत ठेवायचं. त्या कार्डावर नोकरी मिळालेला मुलगा आमच्या वाड्यात तरी कोणी पाहिला नाही, पण कार्ड सगळ्यांकडे होतं.

खरा भाव होता तो राजपत्रित अधिकाऱ्याला. गुणपत्रिकेच्या नकलेवर ‘सत्यप्रत’ म्हणून सही-शिक्का लागायचा, आणि तो देणारा माणूस ओळखीचा असेल तर तुम्ही जिंकलात. निकालाच्या आठवड्यात अशा गृहस्थाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असे. ते आतून विचारत, ‘किती पडले?’ आणि मग, सही करताना मान वर न करता, ‘पुढे काय?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर दोन-चार वाक्यांचा जो अभिप्राय मिळायचा, तेवढंच त्या काळातलं करिअर समुपदेशन. ते फुकट होतं, थोडं उद्धट होतं, आणि बऱ्याचदा बरोबरही निघायचं, कारण त्या माणसानं तुम्हाला चड्डीत असल्यापासून पाहिलेलं असे.

शास्त्रीय सोयही होती, नाही असं नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेली ज्ञान प्रबोधिनी आमच्या हाकेच्या अंतरावर. आप्पा मानसशास्त्राचे अभ्यासक, त्यामुळे बुद्धिमत्ता मोजायची कशी आणि ती मोजून करायचं काय, हा तिथला मूळ विषयच. अभिक्षमता चाचणी करून घ्यावी का, असं मी घरी विचारलं तेव्हा वडिलांनी गुणपत्रिकेकडे बोट दाखवलं. चाचणी झालेलीच आहे, असा त्याचा अर्थ.

सुट्टीतली एक गोष्ट मात्र आजही डोळ्यांपुढे आहे. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला जाणाऱ्या पोरांना जूनमध्ये जबर धक्का बसायचा. आयुष्यभर ‘जडत्व’ आणि ‘त्वरण’ घोकलेलं पोर फर्ग्युसनच्या उतरत्या बाकांवर बसून पहिल्या तासाला काहीच न कळल्यामुळे हसरा चेहरा करून बसायचं. म्हणून आमच्या गणिताच्या सरांनी मे महिन्यात स्वतःच्या घरी, पंख्याखाली सतरंजी टाकून, इंग्रजी संज्ञांची शिकवणी घेतली. पैसे घेतले नाहीत. शेवटच्या दिवशी पन्हं दिलं. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं कोणाकडून घ्यायची, प्रॅक्टिकलची जर्नल्स कशी लिहायची, हेही त्यांनीच सांगितलं. आज सेमी-इंग्रजीमुळे शाळेतच विज्ञान आणि गणित इंग्रजीत होतं, तेव्हा ती सतरंजी लागत नाही. लागत नाही हे चांगलंच आहे.

इथपर्यंत लिहिलं की माझ्या वयाचे वाचक मान डोलावतात. म्हणून पुढचंही लिहिलं पाहिजे.

माझ्याच बाकावर पर्वती पायथ्याकडून येणारा एक मुलगा बसायचा. गणितात माझ्यापेक्षा सरस. दहावीला आमच्यात फार तर दोन-तीन टक्क्यांचा फरक. त्याच्या वस्तीत टेल्कोतले काका नव्हते, राजपत्रित अधिकारी नव्हता, आणि ईबीसीची फीमाफी असते, शासकीय तंत्रनिकेतनाचा अर्ज अमुक तारखेला निघतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही, ही माहिती सांगायची असते हेच मला कळत नव्हतं, ती हवेतच आहे असं वाटायचं. जुलैत तो नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये दिसला. सरांच्या सतरंजीवरही, आता आठवून पाहतो, सगळे पेठेतलेच होते. कोणी कोणाला येऊ नको म्हटलं नव्हतं. ज्यांना निरोप गेला ते आले, आणि निरोप वाड्यावाड्यांतून फिरला.

वाड्याच्या सल्ल्याला वाड्याएवढीच भिंत होती. पुण्यातल्या शहाण्या माणसांना हे फार पूर्वी उमगलं होतं. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी परंपरा या शहरात आहे आणि तिच्याबद्दल आपण गहिवरून बोलतो; पण ते वार कोणत्या मुलांना मिळत आणि कोणत्या नाही, हे गहिवरताना सांगत नाही. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, ते मुलांना दारोदार जावं लागू नये म्हणून. ज्यांच्यासाठी ती दारं मुळात बंदच होती त्यांच्यासाठी महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मिशननं नाना पेठेत अहिल्याश्रम उभा केला. आणि १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. नगर, सोलापूर, मराठवाड्याच्या खेड्यांतून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाला खोली आणि जेवण तर हवंच, पण अर्ज कुठे करायचा हे सांगणारा वडीलधारा माणूसही हवा, हे ओळखून चाललेलं ते काम. काका नसलेल्यांना काका मिळवून देणं, एवढंच या सगळ्या संस्थांनी केलं. ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे.

मुलींचं काय? माझ्या बहिणीला माझ्याहून जास्त गुण होते. वाड्यानं एकमुखानं बी.एस्सी. सुचवलं, बाहेरगावी पाठवू नका असं बजावलं, आणि डी.एड.चा अर्जही भरून ठेवायला सांगितला. आठही जण तिचे हितचिंतक होते.

मग काकांचं ज्ञान शिळं व्हायला लागलं. आमच्या दहावीच्या आदल्याच वर्षी, १९८३ला, वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली होती. कोथरूडला एमआयटी, शिवाय व्हीआयटी, भारती विद्यापीठ. सीओईपीला नंबर लागला नाही तर बी.एस्सी. करायचं, हा नियम संपला आणि पैसे असतील तर इंजिनीअर होता येतं, हा नवा नियम आला. वाड्यानं दोन-तीन वर्षं त्याला नाकं मुरडली आणि मग एफडी मोडल्या. पुढे सीडॅक आलं, हिंजवडी आली. बँकेतले काका तरीही टायपिंगचीच शिफारस करत राहिले. बिचारे अगदीच चुकले नाहीत म्हणा. पुढची तीस वर्षं आम्ही सगळ्यांनी टायपिंगच केलं.

निवृत्त झाल्यापासून मी दांडेकर पुलाजवळच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसतो. दहावी-बारावीची मुलं येतात. समुपदेशक वगैरे मी नाही, पुष्कळदा नुसते अर्ज भरतो. पण त्या टेबलावरून आजचं पुणं जे दिसतं ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत दिसत नाही.

जाहिरातींत काय असतं ते तुम्ही पाहताच. आठवीपासून फाउंडेशन. अकरावी-बारावीला ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे नाव एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये आणि कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं पाहायचं. वाड्यातल्या काकांचा माझ्या निर्णयात काडीचा फायदा नव्हता. आज सल्ला देणाऱ्याला बहुतेक वेळा काहीतरी विकायचं असतं, आणि सोळा वर्षांच्या मुलाला ते ओळखता येत नाही. त्याच्या आईबापांनाही नाही. डॉ. श्रीराम गीत किंवा विवेक वेलणकर यांच्यासारखी माणसं या शहरात वर्षानुवर्षं सरळ, बिनविक्रीचं बोलत आली. त्यांच्या व्याख्यानांना गर्दीही असते. पण व्याख्यानाला येतो तो पालक आधीच अर्धा जागा असतो.

सरकारनं एकदा सगळ्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न केला. २०१६पासून राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या सोबतीनं दहावीच्या प्रत्येक मुलाची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली. आमच्या वडिलांनी ज्याला बोट दाखवून नकार दिला होता ती गोष्ट लाखो मुलांना शाळेतच, एक पैसा न देता मिळाली. कृषी, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं अहवालात छापून आली. पुढे काही वर्षांतच ते थांबलं. माझी तक्रार ते थांबण्याबद्दल तेवढी नाही. चालू होतं तेव्हाही कागद हातात आला की पुढे बोलायला कोणी नव्हतं. ‘ललित कला’ असं लिहून आलेल्या मुलाच्या आईनं त्याचं काय करायचं? अभिनव कला महाविद्यालय कुठे आहे, तिथे किती खर्च येतो, त्यातून कोण काय कमावतं, हे सांगायला शेजारी बसावं लागतं.

अकरावीचा अर्ज घ्या. एकेका कॉलेजच्या खिडकीशी रांग लावून वेगळा अर्ज घ्यायचा आणि फळ्यावर लागलेल्या यादीत टाचा उंचावून नाव शोधायचं, ते दिवस पुण्यात केव्हाच गेले. २०२५पासून तर सगळ्या राज्याचे प्रवेश एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. ओळख लागत नाही, सत्यप्रतीची सही लागत नाही. आमच्या बाकावरच्या मुलाला हे मिळायला हवं होतं. पण दहा पसंतीक्रम भरायचे, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम मैत्रिणीनं भरलं तसंच भरणाऱ्या मुलीला माहीत नसतो. राहणं जनता वसाहतीत आणि पहिल्या पसंतीला टाकलेलं कॉलेज वाघोलीकडे, असे अर्ज मी पाहिले आहेत. मग उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी. सेतू केंद्रात आईची एका दिवसाची मजुरी जाते. २०२४ला सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, तरी बारावीनंतर ‘फी झेपणार नाही’ म्हणून साध्या पदवीला गेलेल्या मुली अजून भेटतात. माहिती मोबाइलवर आहे, हे खरं. ईबीसीची माहितीसुद्धा तेव्हा कुठल्या तरी भिंतीवर लावलेलीच होती.

मुलं मात्र आमच्यापेक्षा धीट. आम्ही ‘काय करू?’ विचारायचो, ही ‘अमुक का नको?’ विचारतात. गेल्या जूनमधली एक. आई चार घरी पोळ्या करते, हिला ब्याऐंशी टक्के. एनडीएत जायचं म्हणाली. आमच्या लहानपणी खडकवासल्याची प्रबोधिनी म्हणजे सहलीला बसमधून दिसणारी गोष्ट, आणि मुलींसाठी तेवढीच. २०२२ला मुलींची पहिली तुकडी तिथे दाखल झाली. मे २०२५मध्ये त्यांच्यातल्या सतरा जणी दीक्षान्त संचलनात होत्या. हिनं ते संचलन मोबाइलवर पाहिलं होतं आणि कोणाला न विचारता ठरवलं होतं. क्लासवाल्यानं तिला दोन वर्षांचं पॅकेज सांगितलं होतं, सायन्स घेतल्याशिवाय अर्जच करता येत नाही अशी भीती घालून. तिला इतिहास आवडतो.

मी तिला सांगितलं की नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. लष्कराच्या शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. पण लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो, तेव्हा आर्ट्स घेतलंस तरी गणित सोडू नकोस. तिनं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, ‘काका, आर्ट्सला गणित कुठल्या कॉलेजात मिळतं?’

मला सांगता आलं नाही. आम्ही दोघांनी कॉलेजांना फोन लावायला सुरुवात केली.