यंत्राचे पडिलेहण

नगरच्या आडते बाजारात तीन पिढ्यांची धान्याची पेढी असलेल्या एका कुटुंबातील मुलगी पुण्यात नोकरीस लागली, तेव्हा आजीने पगार विचारला नाही. तिथे तू नेमके करतेस काय, एवढेच विचारले. मुलगी म्हणाली, "दादी, मी यंत्रांतले बग शोधते." धाकट्या नातवाने लगेच 'बग'चा अर्थ सांगितला, "किडे!" आणि आजीचा चेहरा उतरला. पाणी गाळल्यावाचून न पिणारी, चातुर्मासात हिरवी भाजी घरात येऊ न देणारी ही बाई. तिची नात किडे शोधण्याचे पैसे घेते?

मुलीने समजावले. हे किडे जिवंत नसतात; यंत्र चालवणारा जो प्रोग्राम चिपमध्ये भरून दिलेला असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्यातील त्या चुका असतात. आजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे यंत्राचे पडिलेहण." साधू-साध्वी सकाळ-संध्याकाळ आपली वस्त्रे व पात्रे उलटसुलट करून निरखतात. काल काही सापडले नाही म्हणून आज पाहणे चुकवत नाहीत. आजीच्या या एका शब्दाने जे सांगितले, ते मुलीच्या कार्यालयातील कोणालाही इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

या विद्येचा उगम एका वादळी रात्री झाला. १९८८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. पावसामुळे तारेत खरखर होई आणि त्यांनी टाइप केलेल्या मजकुरात भलतीच अक्षरे मिसळत. नवल याचे, की त्या कचऱ्याने नावाजलेले प्रोग्राम बंद पडू लागले. मिलर यांनी हेच काम विद्यार्थ्यांना दिले: प्रोग्रामांवर मुद्दाम निरर्थक अक्षरांचा मारा करा आणि काय कोसळते ते पाहा. या पद्धतीला त्यांनी 'फझ' असे नाव दिले. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा युनिक्स प्रणालीवरील तपासलेल्या प्रोग्रामांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम अशा माऱ्याने कोसळत वा अडकून पडत असल्याचे दिसले. लिहिणारे हुशार होते. पण प्रोग्राम वापरणारा नेहमी शहाण्यासारखाच वागेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. असे गृहीत धरून उधारी देणारा व्यापारी किती दिवस टिकेल?

पुढे या माऱ्याला डोळे आले. २०१३ मध्ये मिखाल झालेव्स्की यांनी 'अमेरिकन फझी लॉप' नावाचे साधन खुले केले. नाव सशाच्या एका जातीचे आहे. हे साधन प्रत्येक फेरीत पाहते, की दिलेल्या मजकुराने प्रोग्राम आजवर न गेलेल्या वाटेने गेला का. गेला असेल तर तो मजकूर जपून ठेवायचा, त्यातच फेरफार करून पुढची फेरी करायची. माणूस झोपलेला असतो आणि संगणक लाखो चुकीच्या किल्ल्या एकेका कुलुपाला लावून पाहत असतो.

पेढीचे नूतनीकरण झाले तेव्हा आठ कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर अडगळीत गेला आणि त्याच कंपनीचा सोळा कॅमेऱ्यांचा नवा आला. जुना मुलीने पुण्याला नेला. आपल्या मालकीची वस्तू, तपासायला हरकत कोणाची? तिने आतील चिपमधून प्रोग्रामची नक्कल काढून घेतली आणि क्यूईएमयू या साधनाच्या आधारे आपल्या संगणकावर यंत्राचे सोंग उभे केले. पहिले दोन आठवडे प्रोग्राम धड सुरूच होईना. तो कॅमेऱ्याला हाक मारी, हार्ड डिस्कला हाक मारी, उत्तर न आल्याने थांबून राही. प्रत्येक हाकेला खोटे उत्तर देणारी व्यवस्था तिला करावी लागली. छोट्या यंत्रांच्या तपासणीतील निम्मे कष्ट इथेच जातात आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

खरी अडचण त्यापुढची. मोठ्या संगणकात चूक घडली की प्रोग्राम बहुधा धाडकन पडतो, म्हणून कळते. अशा छोट्या यंत्रात स्मृतीवर पुरेसा पहारा नसला, तर चूक घडूनही यंत्र चालतच राहते. वडिलांना हे सांगताना तिने पेढीचाच दाखला दिला. एका खात्यात पाचशे जास्त आणि दुसऱ्यात पाचशे कमी पडले, तर तेरीज जुळते. चूक मात्र वहीत बसून राहते. म्हणून तिने सोंगाच्या यंत्रात स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यावर स्वतःचा पहारा बसवला. वडिलांनी मध्येच विचारले, "आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही असा प्रोग्राम असतो का?" असतो. वजनमापे खात्याचा निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो, शिक्का मारतो. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः वीस किलोचे वजन काट्यावर तीनदा ठेवून पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात दोष सापडला. डीव्हीआरमध्ये प्रवेश करताना वापरकर्त्याचे जे नाव लिहायचे, त्यासाठी ठरावीक जागा राखलेली होती. आलेले नाव मात्र लांबी न मोजताच त्या जागेत ओतले जाई. पोत्यात मावेल त्याहून अधिक ज्वारी ओतली तर ती सांडते, आणि येथे ती शेजारच्या पोत्यात सांडत होती. त्या शेजारच्या पोत्यात यंत्राने पुढे काय करावे याचा हुकूम ठेवलेला होता. म्हणजे पासवर्ड ठाऊक नसलेला कोणीही दूर बसून यंत्राला स्वतःचा हुकूम देऊ शकत होता. २०१६ मध्ये 'मिराई'ने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. तिथे तर दोष शोधण्याचीही गरज पडली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते.

नव्या डीव्हीआरमध्येही तोच प्रोग्राम होता. आणि बाजारातील त्या ओळीत एकाच माणसाने सगळ्या दुकानांना त्याच कंपनीचे कॅमेरे बसवून दिले होते.

असे दोष विकत घेणारेही जगात आहेत. एका सहकाऱ्याने सहज तसे सुचवले. मुलीने तो विषय तिथेच संपवला. तिच्या घरी रोज संध्याकाळी प्रतिक्रमण होते. त्यात तिसऱ्या व्रताच्या अतिचारांची आलोचना होताना खोट्या तराजूच्या जोडीला तस्करप्रयोगही येतो: स्वतः चोरी न करता चोराला साहाय्य करणे. हे शब्द ती लहानपणापासून ऐकत आली होती.

तिने कंपनीला आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवले. या क्षेत्रात उत्पादकाला दुरुस्तीसाठी साधारण नव्वद दिवस द्यावेत, तोवर वाच्यता करू नये, असा प्रघात गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' गटामुळे रूढ झाला आहे. नियम शहाणपणाचा आहे. पण त्याचा भार वडिलांवर पडला. समोरच्या पेढीवरील शेठ त्यांचे पन्नास वर्षांचे स्नेही. त्यांच्या दुकानाचे दार उघडे आहे हे ठाऊक असून गप्प बसायचे?

"बेटा, मला खोटे बोलायला लावू नकोस," ते म्हणाले.

"पप्पा, खोटे बोलू नका. कारण सांगू नका, एवढेच."

दुसऱ्या दिवशी ते दुकानोदुकानी गेले. "डीव्हीआरची इंटरनेटची वायर काढून ठेवा. का ते आज विचारू नका, दिवाळीनंतर सांगतो." काही जण हसले. गावाला गेल्यावर मोबाइलवर दुकान दिसणार नाही म्हणून दोघांनी साफ नकार दिला. समोरच्या शेठनी मात्र हातातील चहा खाली ठेवला, उठून वायर ओढली आणि काहीही विचारले नाही.

कंपनीची दुरुस्ती ऐंशीव्या दिवशी आली. ती आपोआप बसत नव्हती. पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक यंत्रापाशी जावे लागत होते. मुलगी दोन रविवार नगरला आली. नकार देणाऱ्या दोघांची दुकाने तिने आधी केली आणि त्यांच्यासमोरच पासवर्डही बदलून घेतले. ओळीतील एकोणीस यंत्रे झाली. विसाव्याचे मालक मुलाकडे चेन्नईला गेलेले, शटरला कुलूप. आत अंधारात डीव्हीआरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वडिलांनी त्यांचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली.