ठिणगी आहे, पेट्रोल नाही



जुनी बाईक रुसली की किका मारत बसू नका. आधी दोनच गोष्टी बघा: ठिणगी आणि पेट्रोल.

या हिवाळ्यात सेकंडहँड बुलेट घेतली, कार्ब्युरेटरवाली. मूळची इथल्याच रेडिचची जात, १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. बाबा सहा महिने आमच्याकडे होते. डोळे अधू झाल्यावर पुण्यातली स्वतःची बुलेट त्यांनी विकून टाकलीय. शनिवारी त्यांचं विमान, आणि ही बया ढिम्म!

प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगी झकास, पण प्लग कोरडा. म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही.

"चेतक असती तर आडवी केली असती," बाबा म्हणाले.

कार्ब्युरेटरचं खालचं भांडं सोडवून त्यांच्या नाकाशी धरलं.

"शिळं आहे रे. जेट साफ कर."

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढतं, उभ्या गाडीत घाण धरते. आधीच्या मालकाने तेच भरून ठेवलेलं. जेट हवेने साफ केला (तार घालू नका, भोक मोठं होतं), टाकी रिकामी करून ई५ भरलं.

चौथ्या किकला धडधडली. बाबांनी टाकीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.