बॅटरी कुठल्या रकान्यात?

शाळेतल्या बाईही चुकतात हे तुम्हाला ठाऊक असतंच. फक्त तुम्ही ते तोंडावर बोलत नाही. आज मीच माझी एक चूक सांगते.

मी इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की बीडकडची ऊसतोड कुटुंबं आमच्याकडे येतात आणि त्यांची काही मुलं चार महिने आमच्या वर्गात बसतात. गेल्या वर्षी त्याच दिवसांत अन्न, वस्त्र, निवारा शिकवून झालं आणि मी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'गरज', उजवीकडे 'हौस'. म्हटलं, "लिहा रे, तुम्हाला काय काय हवंय ते."

भाकरी, पाणी, दप्तर डावीकडे गेलं. सायकल, बॅट, पैंजण उजवीकडे. कोपीवरच्या एका मुलानं मात्र 'गरज' खाली पहिलंच लिहिलं होतं, 'बॅटरी'. मी लाल पेनानं काट मारली, बाण काढून बॅटरी हौसेत ढकलली आणि शेरा दिला, 'नीट विचार कर.'

दुसऱ्या दिवशी तो टेबलाजवळ येऊन उभा राहिला. "बाई, आमच्या कोपीत लाईट नाय. आई-दादा पहाटं तीनला तोडीला जात्यात. मी आन् बारकी आसतो. तिला भाईर जायचं आसलं की..." पुढं तो बोललाच नाही. कोपीच्या मागं ऊस, उसात साप. विचार मीच केला नव्हता.

मी ख्रिस्ती घरातली. येशूनं शिकवलेली प्रार्थना लहानपणापासून पाठ. तीत भाकर मागतात ती त्या दिवसापुरती. संडे स्कूलमध्ये मान्नाची गोष्टही ऐकलेली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळे, माणशी खाण्यापुरता. कुणी उद्यासाठी लपवून ठेवला, तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. पुढं हेच लोक मान्नाला कंटाळले आणि मिसर देशातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडू लागले. आम्ही मुलं त्यांना खूप हसायचो. गुलामीतून सुटलेत आणि कांद्यासाठी रडतायत!

आजी मात्र हसायची नाही. १९७०च्या आगेमागे बारामती-इंदापूरच्या जिरायती भागात दुष्काळ होता. बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ऑस्ट्रेलियन मिशनचं काम होतं. त्या मिशनच्या आणि 'कासा' या चर्चच्या सेवासंस्थेच्या मदतीनं कामाच्या बदल्यात धान्य मिळू लागलं. शरद पवार तेव्हा बारामतीचे तरुण आमदार होते, तेही या कामात होते. त्यातूनच पुढं १९७१ साली अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. गहू नुसता वाटून टाकता आला असता. पण गहू चार दिवसांत संपतो, म्हणून ओढ्यांवर पाझर तलाव बांधायचं ठरलं. पावसाचं पाणी बांधाआड अडतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. आजीनं डोक्यावर मुरमाच्या पाट्या वाहिल्या त्या अशाच एका तलावावर.

"गहू मिळायचा, तेल मिळायचं," ती सांगायची. "पर सारखी चपाती खाऊन पोट दुखायचं बघ. जुंधळ्याच्या भाकरीसाठी जीव तुटायचा."

मी तेव्हा सातवीत. फटकन म्हणाले, "आजी, तू पण त्या कांदेवाल्यांसारखीच!"

आजी म्हणाली, "तू वाहिल्यास व्हय पाट्या?"

वहीतली ती लाल काट बघताना मला तेच आठवलं. दुसऱ्याची यादी आपण किती पटकन तपासतो! स्वतःच्या यादीला मात्र हात आखडता. (आमच्या विहिरीवर आज ऊस उभा आहे. ती गरज की हौस, हे घरात विचारायची सोय नाही.)

बरं, लाल शाई खोडरबरानं जात नाही. मी बाणावर उलटा बाण काढला आणि खाली लिहिलं, 'बाईंचं चुकलं.' त्यानं ती वही शेजारच्या दोघांना दाखवली, मग अख्ख्या वर्गाला. दुपारपर्यंत पाचवीच्या मुलांनाही कळलं होतं! कोपीवरच्या मुलांच्या बॅटरीचं आम्ही शिक्षकांनी मिळून बघितलं.

त्या रात्री मीही माझी यादी केली. घराची गळणारी पत्र्याची पडवी डावीकडे गेली. सोन्याची बोरमाळ, नाक मुरडत का होईना, उजवीकडे. नव्या मोबाईलपाशी अडले. शाळेची सगळी माहिती हल्ली मोबाईलवरच भरावी लागते, म्हणून 'गरज' खाली लिहिला. मग आठवलं की जुना चालतोय, फक्त त्याची काच तडकलीय. खोडला, उजवीकडे लिहिला. पुन्हा खोडला.

पेन्सिलीनं लिहिलंय, म्हणून बरं.