काऊचं सामान कुठं गेलं?

लहान मुलाचा दिवस बिघडला की त्याचं मन चटकन दुसरीकडे वळवावं, हे बालवाडीत शिकवता शिकवता पक्कं झालेलं माझं मत होतं. रडणाऱ्या मुलाला खिडकीबाहेरची खार दाखवायची, रंगीत चित्रांचं पुस्तक हातात द्यायचं, गोष्ट निवडायची तीही हसरी. चिऊ-काऊची गोष्टसुद्धा मी बदलून सांगायची. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं की माझी चिऊ पहिल्याच हाकेला दार उघडायची आणि दोघं मिळून खाऊ खायची. मूळ गोष्टीतली चिऊ एकेक काम सांगत काऊला पावसात ताटकळत ठेवते. काही घरी तर तो शेवटी तव्यावर बसून भाजतो असंही सांगतात. चार वर्षांच्या पोराला हे कशाला ऐकवायचं, असं मला मनापासून वाटायचं.

हे मत बदललं ते २०१९च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. माझ्या वर्गातली काही मुलं होडीतून बाहेर काढलेली, काही निवारा केंद्रात राहून आलेली. शाळा पुन्हा भरली तेव्हा पावसापाण्याची एकही गोष्ट सांगायची नाही, असं मी ठरवून गेले होते. मुलांनी मात्र आल्या आल्या चटया ओढल्या आणि ‘पूर-पूर’ खेळायला सुरुवात केली. चटईची होडी, बाकाची गच्ची. कुणीतरी ओरडायचं, “पाणी आलं!” आणि सगळी बाकावर चढायची. मी खेळ थांबवायची, टाळ्यांचं गाणं घ्यायची. माझी पाठ वळली की खेळ पुन्हा सुरू, त्याच क्रमानं, त्याच आरोळीनं.

अशात एका मुलीनं चिऊ-काऊची गोष्ट मागितली. मी नेहमीसारखी भराभर दारापर्यंत पोचले, तर तिनं मधेच विचारलं, “बाई, काऊचं घर वाहून गेलं, मग त्याचं सामान कुठं गेलं?”

माझ्या गोष्टीत याचं उत्तर नव्हतं. मी तिलाच विचारलं, काय काय सामान होतं गं त्याचं? वर्ग एकदम बोलायला लागला. गादी. रिमोट. आजीचा चष्मा. होडीतून आलेला एक मुलगा होडीबद्दल अवाक्षर बोलला नाही; त्याला त्याची खडूची पेटी आठवत होती. पेटीतला निळा खडू अजून वापरलाही नव्हता, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. आम्ही मोठी माणसं पाणी किती फूट चढलं ते मोजत होतो आणि त्याचं नुकसान त्या निळ्या खडूएवढं होतं. ते लहान आहे असं म्हणायचा मला काय अधिकार?

त्या दिवशी काऊ दाराबाहेर बराच वेळ उभा राहिला. मुलं चिऊवर चिडली, काऊला हाका मारू लागली. एक-दोघं रडलीही, आणि मी खार दाखवायला उठले नाही.

पुढं आम्ही ती गोष्ट हातानं केली. पाटीवर साध्या खडूनं काऊचं घर काढायचं, कागदावर मेणखडूनं चिऊचं मेणाचं घर काढायचं आणि दोन्हींवर मगानं पाणी ओतायचं. पाटीवरचं घर ओघळून जातं, मेणावरून पाण्याचे थेंब घरंगळतात. मुलं हे कितीही वेळा करायला तयार होती. पाटी फडक्यानं पुसायची, घर पुन्हा काढायचं, पुन्हा पाणी. मला वाटतं, यात महत्त्वाचं होतं ते हे की पाण्याचा मग त्यांच्या हातात होता. पाणी केव्हा येणार ते या वेळी ती ठरवत होती. ‘पूर-पूर’ खेळातही तेच चाललं होतं. मला ते दिसत नव्हतं.

नंतर मी मुलांची पुस्तकंही वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. ज्युडिथ व्हायोर्स्ट या अमेरिकन लेखिकेचं अलेक्झांडर नावाच्या मुलाच्या वाईट दिवसाचं पुस्तक १९७२ सालचं. सकाळी केसांत च्युइंगगम चिकटण्यापासून रात्रीपर्यंत त्याचं सगळं बिनसतं आणि शेवटीही काही सुधारत नाही. काही दिवस असेच असतात, एवढंच त्याची आई त्याला सांगते. पूर्वी मी असं पुस्तक अर्धवट म्हणून बाजूला ठेवलं असतं. ‘तोत्तोचान’ या पुस्तकात त्या नावाच्या मुलीनं जत्रेतून आणलेली पिल्लं मरतात, तिचा मित्र मरतो. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यावर पांघरूण घातलेलं नाही. त्याच पुस्तकातले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत त्या एवढ्याशा मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. मी बालवाडीत इतकी वर्षं काढली, पण सलग दहा मिनिटं कुणा एकाच मुलाचं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

आता मी पालकांना सांगते ते असं. वाईट दिवसाची गोष्ट चांगल्या दिवशी वाचा. पोट भरलेलं असताना, मांडीवर बसून ऐकलेला काऊ मुलाच्या ओळखीचा होतो आणि वेळ आली की त्याला आपोआप आठवतो. ऐन रडण्यात पुस्तक उघडू नका. तेव्हा आधी भूक आणि झोप बघा, जवळ घ्या. मग हाताला काही द्या: कणकेचा गोळा, फाडायला रद्दी, भिजवलेली माती. बोलणं त्यानंतर येतं, कधी दुसऱ्या दिवशी येतं, कधी येतच नाही. आणि मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, सारखं दचकत असेल, तर गोष्टींवर विसंबू नका. डॉक्टरांना, समुपदेशकांना दाखवा.

अजून एक कळकळीची विनंती, पालकांना आणि माझ्यासारख्या बाईंनाही. गोष्ट संपल्यावर “यातून काय शिकलास?” असं मुलाला विचारू नका. त्याला काही विचारायचं असेल तर ते विचारील. तोवर थांबा.